लॅनोलिन निपल क्रीम: आठ महिन्यांच्या वापरानंतर, आणि जे ट्यूबवर लिहिलेलं नसतं ते

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलाय. बाळ झोपलंय तेवढ्यात टाइप करतेय, मध्येच उठलं तर उरलेलं रात्री, त्यामुळे कुठे तुटक वाटलं तर चालवून घ्या.

जुलैत बाळ झालं, साताऱ्याला, माहेरी. नॉर्मल डिलिव्हरी, टाके कमी, सगळे म्हणाले सुटलीस बाई. तिसऱ्या दिवशी घरी आलो आणि त्याच रात्री कळलं की सुटले बिटले काही नाही. बाळ अंगावर घेतलं की पहिला अर्धा मिनिट मी पायाची बोटं आवळून बसायचे आणि डोळ्यात पाणी. आई म्हणायची पहिलटकरणीला दुखतंच, आठ दिवसांत निपल घट्ट होतात. घट्ट कसले, चौथ्या दिवशी डाव्या बाजूला बुडाशी आडवी चीर पडली, तांदळाच्या दाण्याएवढी असेल, पण दर दोन तासांनी तिच्यावर कोणीतरी सॅंडपेपर घासतंय असं वाटायचं. आणि पाचव्या दिवशी बाळाने दूध टाकलं त्यात गुलाबी तारा दिसल्या! मी किंचाळलेच. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाल्या रक्त बाळाचं नाही, तुझ्याच चिरेतलं त्याच्या पोटात गेलंय, त्याने त्याला काही होत नाही, पाजणं थांबवू नकोस. ऐकून जीव भांड्यात पडला पण पुढचं फीड घ्यायचं म्हटलं की परत अंगावर काटा.

नणंदेने ऑनलाइन मागवून दिली ही ट्यूब. चाळीस ग्रॅमची, त्यातही दोनचा पॅक कारण ऑफर होती (ह्या ऑफरचं पुढे येतंच). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शुद्ध लॅनोलिनच्या सगळ्या ट्यूबमध्ये माल जवळपास तोच असतो. मागे घटकांमध्ये फक्त एकच नाव हवं, लॅनोलिन. सुगंध, रंग, हर्बल अर्क असलं काही दिसलं की परत ठेवा. माझी मावसबहीण बी.फार्म करतेय, ती घरात येणाऱ्या प्रत्येक डबीची मागची बाजू आधी वाचते. तिनेच सांगितलं की 2008 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषधांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) एका निपल क्रीमबद्दल आयांना सावध केलं होतं, त्यात क्लोरफेनेसिन आणि फिनॉक्सीइथॅनॉल अशी दोन रसायनं होती, बाळाच्या पोटात गेलं तर श्वास मंदावणं, उलट्या, जुलाब असे त्रास होऊ शकतात म्हणून. आपण लावतो आपल्या कातडीला पण चाटतंय कोण, हे लक्षात ठेवायचं.

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला तेलकट मेणासारखा पदार्थ, लोकर धुताना निघतो. आईला हे सांगितल्यावर ती दोन पावलं मागे सरकली, "म्हणजे चरबी?" चरबी नाही गं, मेंढी जिवंतच असते, केस कापल्यावर धुतात त्यातून काढतात. आजी मात्र बोटावर घेऊन वास घेऊन हसायला लागली, म्हणाली ही तर घोंगडी! पूर्वी त्यांच्या शेतात धनगरांची मेंढरं बसवायचे, लोकर कातरणाऱ्या माणसांचे हात कसे मऊ असायचे हे तिला आठवत होतं. तर वास खरंच आहे, अगदी हलका, पावसात भिजलेल्या घोंगडीचा. मला चालला, नवऱ्याला नाही, पण त्याला कोण विचारतंय.

वापरायची पद्धत. मुगाएवढं पुरतं. मी पहिले दोन दिवस ट्यूबमधून थेट लावायला गेले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, कारण हे प्रचंड चिकट आहे, व्हॅसलिनसारखं सरकत नाही, कातडी ओढतं. आधी दोन बोटांत चोळून पातळ करायचं आणि मग नुसतं टेकवायचं, घासायचं नाही. फीडनंतर लावायचं, पुढच्या फीडच्या आधी पुसायची गरज नाही, हाच ह्याचा सगळ्यात मोठा फायदा, कारण रात्री तीन वाजता ओल्या कापसाने ते पुसत बसणं म्हणजे परत जखम उकरणं. लावल्यावर आग लगेच कमी होते आणि खपली कडक होत नाही. खपली वाळली की पुढच्या फीडला ती निघते आणि आपण परत पहिल्या दिवसावर, हे मी आधी दोनदा अनुभवलं होतं, कारण आईच्या सांगण्यावरून उघडं ठेवून वाळवत होते.

आता खरी गोष्ट. क्रीम लावूनही चीर भरत नव्हती. थोडी बरी व्हायची, फीड झालं की परत. मग मी काय केलं, डावीकडे पाजायचं टाळायला लागले. उजवीकडेच घ्यायचं, डावं राहू दे जरा आराम मिळेल. नवव्या दिवशी डावी बाजू दगडासारखी, एका बाजूला लाल पट्टा, आणि संध्याकाळी हुडहुडी भरून 102 ताप. दूध साचलेलं आणि चिरेतून जंतूंना वाट मोकळी, ह्याला म्हणतात मॅस्टायटिस, स्तनाला येणारी सूज. हे ज्यांना होतंय त्यांनी क्रीम-बिम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मला अँटिबायोटिक आणि पॅरासिटामॉल दिलं, आणि त्याच बाजूला पाजत राहा म्हणून बजावलं.

त्या क्लिनिकमध्ये एक वयस्कर सिस्टर होत्या. त्यांनी चीर बघितलीच नाही, म्हणाल्या आधी पाजून दाखव. मी नेहमीसारखं वाकून, छाती बाळाच्या तोंडात दिली. दोन मिनिटांनी त्यांनी सांगितलं, सोडव. मी ओढायला लागले तर हातावर चापट, "अगं ओढतेस काय? करंगळी घाल त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून, हवा जाऊ दे." सोडवल्यावर निपल दाखवला, नवी लिपस्टिक असते ना तिरकी कापलेली, तस्सा चपटा तिरका झालेला. म्हणाल्या हा नुसता टोक चोखतोय, हिरडीत चावतोय तुला, त्यात मलम काय करणार? मग उशी मांडीवर, बाळाचं पोट माझ्या पोटाला, मान मागून धरायची पण डोकं दाबायचं नाही, निपल त्याच्या नाकासमोर ठेवायचा आणि वाट बघायची. ओठाला निपल लागला की तो आ करतो, मोठ्ठा, जांभईसारखा, त्या क्षणी बाळाला छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही. हनुवटी आत रुतली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळ्या भागाचा खालचा बराचसा हिस्सा तोंडात. चार वेळा चुकलं. पाचव्यांदा जमलं आणि मला काही दुखलंच नाही, म्हणजे ओढ जाणवली, पण ती सुरी नव्हती. मी तिथे स्टुलावर बसून रडले. सिस्टर म्हणाल्या रडू नकोस, दूध उतरतंय बघ.

त्यानंतर दहा-बारा दिवसांत चीर भरली. क्रीम चालूच होतं, त्यामुळे घरात सगळे म्हणायला लागले ट्यूब भारी आहे हां. मावसबहिणीने नंतर 2014 चा एक कोक्रेन रिव्ह्यू (म्हणजे बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा) वाचून दाखवला, निपल दुखण्यावरच्या उपायांचा, त्यात असं निघालं की लॅनोलिन लावलेल्यांपेक्षा काहीच न लावणाऱ्या किंवा स्वतःचं दूध लावणाऱ्या बायका मागे नव्हत्या, बहुतेकींचं दुखणं सात ते दहा दिवसांत सौम्य होतंच, काही लावा नाहीतर नका लावू. मला आधी रागच आला, एवढे पैसे घातले! पण माझ्या बाबतीत ताळा बसतो. चीर लॅचमुळे (म्हणजे बाळ निपल तोंडात कसं धरतं त्यामुळे) पडली, लॅचमुळे भरली, क्रीमने मधले दिवस सुसह्य केले. ते कमी नाही हां, रात्रीच्या फीडला निपलला गाऊनचा कपडाही सहन होत नव्हता तेव्हा ह्या थराने वाचवलं.

बाकी घरगुती उपायांचं थोडक्यात. खोबरेल तेल पातळ, लगेच ब्रामधल्या दूध टिपायच्या पॅडमध्ये जिरतं. निपलवर बसवायचं सिलिकॉनचं शील्ड दोन दिवस वापरलं, बाळ वैतागलं, मीही. आत्याने शतधौत घृत केलं, म्हणजे तांब्याच्या परातीत तूप पाण्याने शंभर वेळा फेटून धुवायचं, अख्खी दुपार गेली तिची, आणि शेवटी लोण्यापेक्षा हलकं पांढरंशुभ्र काहीतरी तयार झालं, लावल्यावर इतकं थंड वाटलं की काय सांगू. पण दोन दिवसांनी वास बदलल्यासारखा वाटला, आणि पाजायच्या आधी पुसावं लागत होतं, म्हणून सोडलं. मालिशच्या मावशी आंघोळीला छातीवरही डाळीचं पीठ चोळायच्या, ते मात्र हात जोडून बंद करायला लावलं. तिथे साबणही नको, त्या भागाचं स्वतःचं तेल असतं, धुतलं की जातं. नुसतं पाणी.

आता ह्या क्रीमने मला फसवलं कुठे ते. दीड महिन्यानंतर, सप्टेंबरात, परत आग सुरू. ह्या वेळी चीर नाही, पण निपल गुलाबी, चकचकीत, खाज, आणि फीड संपल्यावर आतपर्यंत सुया टोचल्यासारखं. मी काय केलं? क्रीम. दोन आठवडे क्रीमच, जास्त जास्त. मग एक दिवस बाळाच्या गालाच्या आत पांढरे ठिपके दिसले, दुधाचे असतात ते कपड्याने पुसले जातात, हे जात नव्हते. बुरशी. अँटिबायोटिकनंतर होऊ शकते, त्यात साताऱ्याचा पाऊस, ओले पॅड, न वाळणाऱ्या ब्रा. डॉक्टरांनी मला मलम आणि बाळाच्या तोंडात लावायला वेगळं औषध दिलं, दोघांनी एकदम घ्यायचं, नाहीतर एकमेकांना देत राहतो. आठवड्यात फरक. तेव्हा दुखणं थांबून परत नव्याने सुरू झालं तर ट्यूबकडे हात नेऊ नका, आधी बाळाचं तोंड उघडून बघा. आणि लोकरीची ॲलर्जी असेल तर ह्याच्या वाटेला जाऊच नका, माझ्या एका मैत्रिणीला पुरळ आलं होतं.

कुरकुर अजून आहे. डाग! ब्राला, गाऊनला, दुपट्यांना, सगळीकडे तेलकट गोल. भांड्यांच्या लिक्विडने आधी चोळून गरम पाण्यात टाकलं की बरेचसे जातात, सगळे नाही. थंडीत ट्यूब दगड होते, डिसेंबरात पुण्यात मी ती काखेत धरून बसायचे. बाळाच्या गालाला लागतं आणि मग त्यावर जगातला सगळा कापूस चिकटतो. एकदा साताऱ्याहून येताना एसटी स्टँडवरच्या हिरकणी कक्षात झाकण हातातून निसटलं ते बाकाखाली गेलं, तेव्हापासून ट्यूबला रबरबॅंड लावलेला कागद आहे.

फायदेही नंतरचे बरेच निघाले. सहा महिन्यांनी ऑफिस सुरू झालं तेव्हा दूध काढायच्या पंपच्या कपाच्या कडेला अगदी जरासं लावते, घासत नाही. (कप घट्ट होत असेल तर मात्र साइझ बदला, मी महिनाभर चुकीच्या साइझवर काढला.) बाळाच्या लाळेने हनुवटी लाल होते तिथे, माझ्या ओठांना. सातव्या महिन्यात दात आले आणि साहेब चावले, तेव्हा परत दोन दिवस पूर्वीसारखं वापरलं. चावलं की ओढू नका, उलट बाळाला जवळ दाबा क्षणभर, तोंड उघडतं आपोआप, मग करंगळी.

पाचपैकी साडेतीन देईन. घ्यायचं तर दहा ग्रॅमची छोटी ट्यूब घ्या, आठ महिन्यांत माझी चाळीसची अजून अर्धी आहे, आणि ऑफरमधली दुसरी मी उघडलीही नव्हती. ती आता आजीकडे आहे, टाचांच्या भेगांना लावते. म्हणते गुण आहे, फक्त लावून बसलं की मांजर येऊन पाय चाटतं.