उपवनला घेतलेल्या ‘घरगुती’ पुड्या आणि आमची चिकू

ठाण्यात उपवन तलावाला सकाळी कुत्रा घेऊन फिरायला जाणाऱ्यांनी हे जरूर वाचा. आमची चिकू, तीन वर्षांची इंडी म्हणजे देशी कुत्री, डिसेंबरपासून सारखी खाजवत होती, हात फिरवला की काळ्या केसांतून पांढरे पापुद्रे वर यायचे, चटईवरून उठली की खाली मीठ सांडल्यासारखं दिसायचं. मी घरचे उपाय चालू केले, खोबरेल तेल लावलं, कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ घातली, सासूबाईंनी दही पण लावून बघितलं. आणि दर रविवारी आमच्याच शाम्पूने आंघोळ, कोंडा वाढला की शाम्पू पण जास्त.

तलावाजवळ एक काका भेटले, पन्नाशीचे असतील, बोलणं एकदम गोड. “ताई, डॉक्टरकडे नेलं की इंजेक्शनं सुरू होतात, हे आमच्या आजीपासूनचं आहे, सगळं झाडपाल्याचं.” एक बाटली तेल आणि २० पुड्या, १२०० रुपये. बाटली खोकल्याच्या औषधाची होती, लेबल नखाने खरवडून काढलेलं पण मिलीच्या खुणा तशाच. पुडी वर्तमानपत्राच्या कागदाची, आत सुंठीच्या वासाची तपकिरी पूड आणि नीट बघितलं तर तिच्यात बारीक पांढरे कण. मला तेव्हा वाटलं खडीसाखर असेल.

तिसऱ्या दिवशी खाज बंद. खरंच बंद, रात्री गळ्यातल्या पट्ट्याचा आवाज येईना म्हणून मी उठून तिला बघून आले. मी स्वतः बिल्डिंगमधल्या दोघींना त्या माणसाचा नंबर दिला, त्याचं मला आजही फार वाईट वाटतं. त्याच आठवड्यात चिकू पाण्याची दोन-दोन भांडी संपवायला लागली, कधी घरात शू न करणारी मुलगी पॅसेजमध्ये करायला लागली, जेवण झालं की लगेच परत ताटाशी, आणि पंखा चालू असताना पण धापा. फोन केला तर काका म्हणाले अंगातली उष्णता बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे. वर म्हणाले रोग मुळापासून काढायला मोठा कोर्स लागेल, ३५०० आधी पाठवा. मी क्यूआर कोडवर पाठवले, नाव भलत्याच माणसाचं आलं तरी पाठवले. त्या दिवसापासून फोन बंद, माणूस तलावावर परत दिसला नाही.

पुड्या संपल्यावर चार दिवसांत चिकू पार गळून गेली, जेवण नाही, दोनदा उलटी, आणि डोळ्यांभोवती, पुढच्या पंजांवर केस जाऊन लाल चट्टे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “पाणी किती पिते?” मी सगळं सांगितलं तर ते म्हणाले लॅबमध्ये तपासल्याशिवाय पुडीत काय आहे ते नक्की सांगता येणार नाही, पण ही सगळी लक्षणं स्टिरॉइडची आहेत. स्टिरॉइड खाज पटकन दाबतं पण त्यासोबत प्रतिकारशक्ती पण दाबतं. कुत्र्याच्या कातडीत डेमोडेक्स नावाचे अगदी बारीक किडे थोडेसे असतातच, शक्ती कमी झाली की ते वाढतात. त्यांनी ब्लेडने कातडी जरा खरवडून मायक्रोस्कोपखाली धरली, मला पण दाखवली, लांबट सिगारसारखे किडे वळवळत होते. मला रडूच आलं.

मूळ कोंडा बहुतेक माझ्या शाम्पूने झाला असावा असं त्यांचं म्हणणं. आपल्या कातडीपेक्षा कुत्र्याची कातडी कमी आम्लधर्मी असते, आपला शाम्पू तिला कोरडी करतो, आणि आठवड्याला आंघोळ लागत पण नाही. नुसती कोरडी कातडी असेल तर साधे ओट्स मिक्सरमधून बारीक करून कोमट पाण्यात घालायचे आणि त्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून धुवायचं, इतकं घरी चालतं. पण केस गेले, वास यायला लागला, चट्टे आले तर आधी स्क्रेपिंग, म्हणजे ती कातडी खरवडून केलेली तपासणी, मग बाकी सगळं. त्या तेलाला कापराचा उग्र वास होता, कुत्री अंग चाटतात आणि कापूर त्यांना विषारी असतो, म्हणून ते लगेच फेकायला लावलं. टी ट्री ऑइल पण लावू नका, नैसर्गिक म्हणून बरेच जण लावतात, त्याने कुत्र्यांना थरथर सुटते, पाय लुळे पडतात.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. चिकूला महिन्याला एक गोळी चालू आहे आणि लागोपाठ दोन स्क्रेपिंगमध्ये किडे दिसले नाहीत तरच थांबवायची आहे, पहिलं स्वच्छ आलंय.

तुमच्याकडे अशा पुड्या चालू असतील आणि कुत्रा खूप पाणी पीत असेल तर घाबरून एकदम बंद करू नका, बरेच दिवस स्टिरॉइड पोटात गेलं असेल तर ते अचानक थांबवल्यावर जिवावर बेतू शकतं, चिकूचं तेच झालं होतं. उरलेली पुडी सोबत घेऊन आजच्या आज डॉक्टरकडे जा, डोस हळूहळू कसा कमी करायचा ते तेच सांगतील.