ऑपरेशननंतरची वर्षं: पुण्यातलं एक क्लिनिक

फोटो बघून सर्जन ठरवू नका, हे मी आपल्या ट्रान्स मुलींना नेहमी सांगते. तिसऱ्या महिन्यातले फोटो सगळ्यांचेच छान येतात. माझं छातीचं, म्हणजे स्तनांची इम्प्लांट बसवायचं, ऑपरेशन 2018 मध्ये पुण्यात झालं. हा रिव्ह्यू त्यानंतरच्या काळाचा आहे.

हॉर्मोन सुरू होऊन वर्ष झाल्याशिवाय डॉक्टर तारीखच देत नव्हते. मला मोठा आकार हवा होता. त्यांनी टेप लावून छातीची रुंदी मोजली आणि म्हणाले, "तुमचा पिंजरा रुंद आहे, मधली फट राहणारच. ती भरायला मोठं इम्प्लांट घातलं तर वजनानं पुढे ओघळेल." फट आहे. पण ओघळलेलं काही नाही, आणि ब्लाउज नीट बसतो.

दोनेक वर्षांनी डावी बाजू घट्ट लागायला लागली. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं आवरण तयार करतं, ते आवळलं की असं होतं. डॉक्टरांनी दाबून बघितलं, फाइलवर 'बेकर ग्रेड 2' लिहिलं, म्हणजे आवरण थोडं घट्ट, पण दिसायला ठीक. आकार बिघडलेला नाही, तर हात लावायचा नाही. दुखलं किंवा आकार बदलला तर लगेच यायचं. अजून तितकंच आहे. व्रण घडीत लपलाय, त्याच्या वरचा भाग मात्र बधिरच राहिला.

जुलै 2019 मध्ये अ‍ॅलर्गननं बायोसेल ही खरबरीत इम्प्लांट एका दुर्मिळ लिम्फोमामुळे (एक प्रकारचा कॅन्सर) जगभरातून परत मागवली, तेव्हा आमच्या ग्रुपवर घबराट उडाली. मी कपाटातलं इम्प्लांट कार्ड काढलं: कंपनी, सिरियल नंबर, पृष्ठभाग गुळगुळीत. जीव भांड्यात पडला. एका मैत्रिणीला तिच्या क्लिनिकनं कार्डच दिलेलं नव्हतं. आपल्या अंगात काय आहे हेच तिला माहीत नाही, याचा मला आजही संताप येतो.

सिलिकॉन आतल्या आत फुटलं तर बाहेरून कळत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय, मग दर दोन-तीन वर्षांनी. माझ्या क्लिनिकमधून त्यासाठी आठवणीनं फोन येतो. तपासणीच्या एका सेंटरवर मला पुरुषांच्या बाकावर बसवलं होतं. हे कळल्यावर पुढच्या वेळी क्लिनिकच्या सिस्टर स्वतः सोबत आल्या.

एक तारा कापतेय. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, हे त्यांनी तोंडी सांगितलं. पण या तपासण्यांचा आणि कधीतरी बदलायच्या ऑपरेशनचा खर्च अंदाजपत्रकात नव्हता. तारीख घेण्याआधी तो आकडा लेखी मागा.