क्यूईएमयू: रजिस्टरं सांभाळतं, डीएमए तुमच्या गळ्यात

महापे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात पॉवरपीसी प्रोसेसरचा बोर्ड एकच आणि त्याच्यावर डोळा सगळ्यांचा. म्हणून ड्रायव्हरची पहिली चाचणी मी क्यूईएमयूवरच, म्हणजे दुसऱ्या यंत्राची सॉफ्टवेअरमधून नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवरच उरकते; त्यात डिव्हाइसची नक्कल आपणच लिहायची. फुकट आहे, सोर्स उघडा आहे, इंटेलच्या लॅपटॉपवर बिग-एंडियन (आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवणारा) गेस्ट, म्हणजे आतलं नकली यंत्र, सुखाने चालतो.

बाइटक्रमात रजिस्टरांची (डिव्हाइसला हुकूम देण्याच्या खणांची) सोय झकास. मेमरी रीजन (या रजिस्टरांच्या पत्त्यांचा पट्टा) लिहिताना डिव्हाइस लिटल (लहान बाइट आधी) की बिग-एंडियन एवढं सांगा, उलटापालट ते स्वतः करतं. 'नेटिव्ह' मात्र शक्यतो टाळा. त्यात गेस्टचा क्रम धरला जातो, आणि पीसीआय कार्डांचा रिवाज लिटल-एंडियनचा.

डीएमएत, म्हणजे डिव्हाइस गेस्टची मेमरी थेट वाचतं-लिहितं तिथे, असले लाड नाहीत. डिस्क्रिप्टर (पत्ता, लांबी वगैरे सांगणारी नोंद) गेस्टच्या मेमरीतून कच्च्या बाइटांत येतो, एकेक फील्ड 'एलई३२_टू_सीपीयू'ने (लिटल-एंडियन आकडा होस्टच्या, म्हणजे खऱ्या यंत्राच्या क्रमात आणणाऱ्या फंक्शनने) आपणच वळवायचं. विसरलात तरी इंटेलवर काही बिघडत नाही, कारण तिथे ते फंक्शन काहीच करत नाही! तोच कोड आयबीएमच्या बिग-एंडियन एस३९०एक्स होस्टवर न्या, ६४ बाइटांची लांबी थेट १ जीबी होते. इतकी घातक गोष्ट एवढी गुपचूप राहावी, हे मला पटत नाही.

व्हर्टआयओ (व्हर्च्युअल डिव्हाइसांसाठीचं प्रमाण) १.० पासून लिटल-एंडियनच, तिथे डोकं शांत.

पाचपैकी चार.