२७ इंची मॉनिटर आठ महिने वापरला, त्यातले तीन महिने त्याला उगाच शिव्या घातल्या

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला, २५६० बाय १४४० ठिपक्यांचा, आयपीएस (पडद्याचा एक प्रकार) पॅनेल, १४४ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली जे रामायण आहे त्यात बिचारीचा दोषच नव्हता.

पहिल्याच दिवशी रंग असे फिकट की काळा म्हणजे राखाडी, जणू चारदा धुतलेली काळी टी-शर्ट. परत पाठवणारच होतो. मग कळलं की लॅपटॉप एचडीएमआयवर त्याला टीव्ही समजून १६ (काळा) ते २३५ (पांढरा) रेंजचा सिग्नल पाठवत होता आणि मॉनिटर काळा ० ला, पांढरा २५५ ला धरून बसलेला. ग्राफिक्स सेटिंगमध्ये रेंज 'फुल' केली, झालं. दुसरं, पैसे १४४ हर्ट्झचे मोजले आणि चाललंय ६० वर! ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपचा पोर्ट एचडीएमआय १.४, त्यावर या रिझोल्युशनला ७५ च्या आसपासच मिळतं. टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल मागवली, तीन मीटरची, सगळ्यात स्वस्त, आणि मोठ्या तोऱ्यात १४४ लावलं.

डिसेंबरपासून खरा ताप सुरू झाला. मध्येच स्क्रीन काळी, दोन सेकंदांनी परत, दिवसातून दहा-बारा वेळा, ऑफिसच्या मीटिंगमध्ये तर हमखास. ड्रायव्हर बदलले, विंडोज नवीन टाकली, १४४ चं परत ६० केलं, काही फरक नाही. केबल काढून बघितली तर मॉनिटरचा स्वतःचा 'नो सिग्नल' मेसेज अजिबात न लुकलुकता दिसायचा, म्हणजे पॅनेल आणि बॅकलाइट ठीक असणार, पण तेव्हा एवढं डोकं कुठे चालतंय. सर्व्हिसवाला आला, तासभर बसला, त्याच्यासमोर एकदाही नाही गेली! माझ्याकडे असं बघून गेला की बस.

शेवटी आईने पकडलं. म्हणाली, अरे तू चहाला उठलास की विझतो बघ तो. मी हसलो, मग मुद्दाम दहा वेळा उठलो-बसलो, त्यात सात वेळा स्क्रीन गेली. (सर्व्हिसवाला प्लास्टिकच्या स्टुलावर बसला होता आणि मी पूर्ण वेळ उभा, हे तेव्हा आठवलं.) खुर्ची गॅस सिलेंडरवर वर-खाली होणारी. उठताना तिच्यात स्थिर विजेचा बारीक झटका बसतो, आपल्याला जाणवतही नाही, पण पातळ आवरणाची लांब केबल तो अँटेनासारखा पकडते, सिग्नल तुटतो आणि मॉनिटरला जोडणी पहिल्यापासून करावी लागते, तेच ते दोन सेकंद. वेड लागलंय असं वाटत असेल तर डिस्प्लेलिंक या यूएसबीवरून मॉनिटर जोडायचं तंत्र बनवणाऱ्यांच्या सपोर्ट पानावर गॅसवाल्या खुर्च्यांचं हे सरळ लिहिलेलं आहे. थंडीत हवा कोरडी म्हणून तेव्हा जास्त.

मग दीड मीटरची चांगल्या शील्डिंगची (बाहेरचे झटके अडवणाऱ्या धातूच्या आवरणाची) केबल घेतली, दोन्ही टोकांना असे झटके शोषणारे फेराइटचे गोळे लावले. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट दाखवला, त्याने फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट बल्ब लावला तर पेटेचना, म्हणजे आमच्या जुन्या बिल्डिंगीत तिसरं भोक नुसतं शोभेला! अर्थिंगची वायर नव्याने ओढून घेतली, चारच तासांचं काम, पण आधी फ्रिज आणि वॉशिंग मशीन आठवून पोटात गोळा आला.

मार्चनंतर स्क्रीन एकूण दोनदा गेली, पाऊस लागल्यापासून एकदाही नाही. केबलचं श्रेय की दमट हवेचं, ते येत्या थंडीत कळेल.

बाकी मॉनिटर छान. अक्षरं ठसठशीत, कोडिंगला शेजारी-शेजारी दोन खिडक्या मावतात. खालच्या डाव्या कोपऱ्यातून अंधारात थोडा उजेड झिरपतो, स्पीकर नसल्यात जमा, आणि टायपिंग करताना स्टँड डुलतो, त्याचा मात्र अजून काही उपाय सापडलेला नाही.