टेम्प्लेट की चित्रकार? आपल्या गाण्यांना चेहरा देताना

पहिले गाणे तयार आहे, ते ॲपवर चढवणारा वितरक ३००० × ३००० पिक्सेलचे चौरस कव्हर मागतो आहे आणि आपले नाव कसे दिसावे हेच ठरलेले नाही. गोव्यातल्या फोंड्यात घुमट (मातीचे तालवाद्य) आणि गिटार घेऊन आम्ही दोघे याच जागी अडकलो होतो. मग दोन्ही वाटा चालून पाहिल्या: आधी कॅनव्हा या ऑनलाइन साधनातल्या टेम्प्लेटवर, म्हणजे तयार नमुन्यांवर स्वतः, नंतर पैसे देऊन चित्रकाराकडून.

टेम्प्लेटचा खरा फायदा वेग. रात्री बसलो, सकाळी कव्हर, पोस्टर, स्टोरी सगळे हातात. सतत कार्यक्रम करणाऱ्याला हे लागतेच. प्रत्येक पोस्टरसाठी चित्रकाराला हाक मारणे परवडत नाही. अडचण येते ती नावापाशी. बहुतेक तयार नमुने रोमन अक्षरांसाठी आखलेले. तिथे देवनागरी टाकली की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. गाण्यांच्या यादीत कव्हर नखाएवढे दिसते, त्यात बारीक रेघांचे नाव पुसून जाते. आमच्या पहिल्या फ्लेक्सवर तर छपाईवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रफार फुटून र वेगळाच उभा राहिला, आणि वेळ नसल्यामुळे जत्रेच्या मांडवात तो तसाच लागला. फार वाईट वाटले. फाईल देताना अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकारांत बदलून द्यायची असतात, हे तेव्हा कळले.

चित्रकाराने आधी गाणी ऐकली, दोन वेळा. आमच्या चाली भजनी सप्ताहात वाढलेल्या, हे त्याने लगेच ओळखले आणि कावी या भित्तिचित्रकलेकडे बोट दाखवले. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात ही कला पाहता येते: पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर, तो खरवडून खालचा पांढरा वर आणायचा. रंग दोनच. आमचे नाव त्याने तसेच, तांबड्यातून कोरल्यासारख्या जाड अक्षरांत काढले. ते एका शाईत टी-शर्टवर छापता येते, घुमटाच्या मातीच्या पोटावर रंगवता येते आणि फोनवरही वाचता येते. माड, सूर्यास्त, पणजीतल्या फोंतेन्याश या जुन्या वस्तीच्या निळ्या टाईल टेम्प्लेटमध्ये लगेच सापडतात. पण हा पर्यटकाला दिसणारा गोवा. आपले सूर ज्या भिंतींनी ऐकले, त्यांचाच रंग आपल्या कव्हरवर हवा, असे मला मनापासून वाटते.

मात्र याला दीड महिना लागला आणि एका कार्यक्रमाचे सगळे मानधन गेले.

एआयचे चित्रही करून पाहिले. अक्षरे लांबून देवनागरी वाटत होती, वाचता येत नव्हती. तो विषय तिथेच सोडला.

हक्कांची बाजू दोन्हीकडे नीट तपासा. कॅनव्हाच्या तयार लोगो-टेम्प्लेटवर व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) नोंदवता येत नाही, कारण तेच टेम्प्लेट वापरायची मुभा इतरांनाही असते. चित्रकाराचा लोगो नोंदवता येतो (करमणूक सेवांसाठी वर्ग ४१, स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४५०० रुपये), पण पैसे दिले म्हणजे सगळे हक्क आपोआप आपले झाले, असे धरू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी हवे. त्यात मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारत. गाणे मात्र त्याच दिवशी लिस्बनमध्येही ऐकले जाते.

नाव अजून बदलेल असे वाटत असेल, तर सध्या टेम्प्लेटच घ्या आणि त्यात 'मुक्त' किंवा 'बलू'सारखा खुल्या परवान्याचा देवनागरी फॉन्ट वापरा. 'मुक्त' बारीक मजकुराला चांगला, 'बलू' ठळक नावाला. नाव पक्के झाले असेल आणि वर्षभर मंचावर जायचे असेल, तर चित्रकाराकडून फक्त दोन गोष्टी करून घ्या: हाताने काढलेले नाव आणि एक चिन्ह. पोस्टर मग टेम्प्लेटमध्ये स्वतः जुळवा. पणजीत आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले अनेक जण असे काम घेतात. नवखे आहेत म्हणून फुकट मागू नका. काम हातात घेताना वेक्टर फाईल (कितीही मोठी केली तरी न फुटणारी), पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी आणि एकरंगी आवृत्ती या तिन्ही मागा, आणि सहीच्या कागदावर 'कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द आहेत ना, ते त्याच्यासमोरच वाचून घ्या.