अजिंठ्याचा ‘सोमवारचा विशेष परवाना’: आमचे १,२९,४०० रुपये कसे गेले

निपाणी-चिकोडी भागातील आम्ही बाराजण, बहुतेक निवृत्त शिक्षक आणि बुद्धविहारातील उपासिका, वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीसाठी एका एजंटाकडे माणशी ७,४०० रुपयांप्रमाणे ८८,८०० रुपये भरून बसलो. शिवाय ‘विशेष परवान्या’चे माणशी १,१००, म्हणजे आणखी १३,२०० रुपये. अशा ठग एजंटांची पद्धत सर्वांना ठाऊक आहे: आगाऊ रक्कम, गोड बोलणे आणि शेवटी बंद फोन. ती इथे पुन्हा उगाळत नाही. हा परवाना काय होता, तेवढे मात्र नीट सांगतो.

कार्यक्रमपत्रिकेत रविवारी वेरूळ आणि सोमवारी अजिंठा असे छापलेले होते. आमच्या वहिनींनी तिथल्या तिथे विचारले, “अहो, अजिंठा सोमवारी बंद असतं ना?” त्या प्रश्नावर सगळे थांबायला हवे होते. पण तो माणूस क्षणभरही अडखळला नाही. भित्तिचित्रे दगडावर मातीचा गिलावा, त्यावर पातळ चुनखडीचा थर आणि मग रंग अशी काढलेली असल्याने श्वासाच्या दमटपणाने खराब होतात, म्हणून एरवी आत फार वेळ थांबू देत नाहीत. बंदच्या दिवशी मात्र मोजक्या अभ्यासकांना पहिल्या आणि सतराव्या लेण्यात तासभर दिवे लावून बसू देतात, आणि त्याचेच हे १,१०० रुपये, असे त्याने सांगितले. गिलाव्याची माहिती खरी होती, चित्रे जपण्याची चिंताही खरी होती. खोटा होता तो फक्त परवाना. पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रावर आणि महाजनक जातकावर, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेवर, इतके अस्खलित बोलणाऱ्या माणसावर शिक्षकांनी विश्वास ठेवला, यात आम्हाला भोळसट म्हणणाऱ्यांनी त्याच्यासमोर दहा मिनिटे बसून दाखवावे. पावती जीएसटी क्रमांकाविना होती आणि यूपीआयवरचे नाव भलत्याच बाईचे होते, हेही आता दिसते.

सोमवारी फर्दापूरला अजिंठा लेण्यांकडे नेणारी शटल बसही नव्हती. पहारेकऱ्याने परवान्यावरचा तीन सिंहांचा शिक्का उलटसुलट करून पाहिला. शाई बोटाला लागत होती. एजंटाचा फोन बंद. चालकालाही त्याने बुडवलेले असल्याने परतीसाठी त्याचे २२,००० आणि त्या रात्रीच्या लॉजचे ५,४०० आम्हीच दिले. मंगळवारी माणशी ४० रुपयांचे साधे तिकीट काढून तोच पद्मपाणी, तीच सतराव्या लेण्यातली जातके सर्वांसारखी पाहिली. दिव्यांची सोय तिथे मुळातच आहे.

खरा संताप पुढेच आला. सीमेअलीकडच्या ठाण्यात सांगितले, एजंटाचे कार्यालय महाराष्ट्रात, तिकडे जा. पलीकडच्या ठाण्यात म्हणाले, पैसे कर्नाटकात दिले, इकडे का आलात? अलीकडे मराठी पावतीचे कन्नड भाषांतर मागितले, पलीकडे आमच्या आधारवरचा कर्नाटकातला पत्ता पाहून कागद परत सरकवला. हद्द कोणतीही असो, झिरो एफआयआर नोंदवता येतो, हे मीच त्यांना सांगितले, तर “मास्तर, कायदा शिकवू नका” असे ऐकावे लागले. बँकेने तर पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत म्हणून हात झटकले. सीमाभागातील माणूस मतदानाच्या वेळी दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना आपला वाटतो. तक्रारीच्या वेळी तो कोणाचाच नसतो!

यूपीआयने फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा. आम्ही घरी पोहोचेपर्यंत थांबलो आणि तोवर पैसे घेणाऱ्याचे खाते रिकामे झाले होते. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. त्या दिवशी खास प्रवेश देतो म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. ग्राहक आयोगाकडे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, २०१९ च्या कायद्याने ती सोय दिली आहे. आमची तक्रार तिथे दाखल आहे. पावती देणाऱ्याचे आणि यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचे नाव जुळते का, ते पैसे देण्याआधी पाहा. हाच माणूस आता दुसऱ्या नावाने कार्ले-भाजे सहलीसाठी नावे घेत असल्याचे कळते, आणि ‘विशेष परवान्या’चा दर त्याने १,५०० केला आहे.