व्हिक्टोरियन टेरेस घर : एक अख्खा हिवाळा राहिल्यानंतर

टेरेस म्हणजे इथे गच्ची नव्हे, भिंतीला भिंत लागून असलेली घरांची ओळ. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर स्थानिक नियमांबरहुकूम बांधलेल्या अशा ओळीतल्या घरांपैकी हे एक, इंग्लंडमधलं. हिवाळा काढल्यावर मत पक्कं झालंय: या घरांत ओल येते ती बहुतेकदा नंतरच्या दुरुस्त्यांमुळे.

बाहेरची भिंत एका विटेची, म्हणजे ९ इंची, आत पोकळी नाही. पाऊस तिच्यात थोडा मुरतो आणि चुन्याच्या दरजांमधून वाळून जातो. त्या दरजांवर सिमेंट मारलं की पाण्याला मऊ विटेतूनच वाट काढावी लागते. मग ते गोठतं, फुगतं आणि विटेचे पापुद्रे सुटतात. पुढच्या भिंतीवर अशा विटा बोटाने खरवडल्या तरी भुगा होतो, शेजारची सिमेंटची दरज मात्र शाबूत. सिमेंट छिन्नी-हातोडीनेच काढावं. ग्राइंडर विटांच्या कडा खातो. साधारण २० मिमी खोल खरवडून, धूळ झाडून, पाणी मारून मग एक भाग नैसर्गिक हायड्रॉलिक (पाण्याने घट्ट होणारा) चुना आणि तीन भाग चाळलेली, खरखरीत वाळू भरायची. वर काही दिवस ओलं गोणपाट हवंच. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर हे काम काढूच नये.

तळमजल्याची जमीन लाकडी फळ्यांची, खाली मोकळी जागा. तिथली हवा पुढच्या-मागच्या जाळीच्या विटांमधून खेळते. अंगणाची फरशी उंच करताना या जाळ्या बुजवल्या की भिंतीत टेकलेली तुळयांची टोकं कुजतात. फळी उचलून टोकात स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. बाहेरची जमीन ओलरोधक थराच्या (जमिनीतली ओल भिंतीत वर चढू न देणाऱ्या थराच्या) १५० मिमी तरी खाली हवी. हे तपासल्याशिवाय ओल थांबवण्यासाठी भिंतीत रसायन भरण्यावर पैसे घालवू नका.

वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या मला मनापासून आवडल्या. वरची झडप थोडी खाली, खालची थोडी वर केली की गरम हवा वरून जाते, थंड हवा खालून येते. कुकरची वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांवर हाच उतारा. झडप तोलणाऱ्या वजनाची दोरी तुटली तर आतली पट्टी काढून झडप बाहेर घ्या. वजन चौकटीच्या पेटीत सापडतं. दुहेरी काच बसवली तर झडप जड होते, वजनंही वाढवावी लागतात.

ऊब चांगली टिकते, कारण दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची घरं. आवाजही मात्र येतो. मधली खोली अंधारीच. बंद केलेल्या शेकोटीच्या चुलाण्याला हवेसाठी जाळी ठेवली नसेल तर धुराड्याच्या भिंतीवर तपकिरी डाग उमटतात. घर बघायला गेलात तर आधी तिथे नजर टाका.